रिकामं माप

१

मेंग सरांना माणसं लहान करायची कला आमचं कवच तयार व्हायच्या कितीतरी आधीपासून येत होती. पन्नाशीतल्या तंत्रज्ञाला ते चारचौघांत 'पोरा' म्हणत. डॉक्टरेटच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलीला नाव असताना 'ती सोल्डरिंगवाली' म्हणत. प्रयोगशाळेतली मुलं त्यांना पाठीमागे मालक म्हणायची. मीही म्हणायचे, फक्त माझ्या म्हणण्यात विनोद नसायचा.

मी लुओ छिनफांग. नानजिंगच्या एका विद्यापीठात तिसऱ्या मजल्यावर जी मुकी खोली आहे, ती मी सांभाळते. तिचं कागदावरचं नाव लांबलचक आहे, पण आम्ही मुकीच म्हणतो. भिंती, छत, जमीन, दाराची आतली बाजू, सगळीकडे हातभर लांबीचे निळे फोमचे सुळके. मापाच्या यंत्राने आत सोडलेली रेडिओ लहर तो फोम गिळून टाकतो, परत येऊ देत नाही, आणि लहरीबरोबर आवाजही गिळतो. आत बोललं तर शब्द ओठांपाशीच पडतात. जरा वेळ गप्प उभं राहिलं की आपल्याच कानातलं रक्त वाहताना ऐकू येतं. नवी मुलं पहिल्या दिवशी हसतात आणि दुसऱ्या दिवसापासून आत एकटं जायचं टाळतात.

तिथे कामाची एक रीत आहे. कुठलीही वस्तू मोजायच्या आधी रिकाम्या खोलीचं माप घ्यायचं. खोलीत काही नसलं तरी यंत्राला काही ना काही दिसतंच, खांब, तारा, दाराची फट. ते सगळं एकदा नोंदवायचं आणि पुढच्या प्रत्येक मापातून वजा करायचं. जे रिकाम्या मापात आलं, ते यंत्रापुरतं या जगात नाही. म्हणून रिकामं माप घेण्यापूर्वी मी दारात उभी राहून हाक मारते, "आत कोण?" उत्तर आलं नाही की दार लावायचं. दारातून अर्धी खोली सुळक्यांआड जाते, आणि मला डोळ्यांपेक्षा कानांचा भरवसा जास्त.

सोल्डरिंगवाली म्हणजे शाओ मिन. मी हाक मारली की ती माझ्या मागे उभी राहून बारीक आवाजात "भूत" म्हणायची. मी रागवायचे, ती हसायची. मला मूलबाळ नाही. त्या मुलीच्या डब्यात मी माझ्या डब्यातलं काही न काही टाकायचे, आणि ती ते मुकाट्याने खायची.

इमारतीत शिरताना खाली काचेचं फाटक आहे. खांबावरच्या पडद्यासमोर तोंड धरलं की यंत्र चेहरा ओळखतं, बाईच्या गोड आवाजात "या" म्हणतं आणि फाटक उघडतं. पाहुणे येऊन गेल्याच्या दुसऱ्या सकाळी शाओ मिन माझ्या पुढे होती. पडद्याला नाक टेकेल इतकी जवळ उभी होती.

"कृपया जवळ या," यंत्र म्हणालं.

"अजून किती? आत शिरू का तुझ्या?" शाओ मिन म्हणाली.

"कृपया जवळ या."

मी माझा चेहरा दाखवला आणि दोघी आत गेलो. यंत्र बिघडलंय, असं ती म्हणाली. बिघडलंच असणार, असं मीही म्हणाले.

२

पाहुण्यांच्या दिवशी काय झालं ते आधी सांगायला हवं.

तांब्याची बारीक नक्षी छापलेल्या पट्ट्या गोलाकार, एकात एक बसवल्या की आमचं कवच होतं. तांबं साधंच असतं, पण नक्षी अशी असते की तिच्यावर आलेली लहर आपल्या स्वभावाने वागत नाही, नक्षी वळवेल तशी वळते. असल्या घडवलेल्या पदार्थाला मेटामटेरियल म्हणतात. त्या कवचात ताटाएवढी चकती ठेवली की यंत्राला ती नाण्याएवढी दिसते. यंत्राला, हे लक्षात ठेवा. माणसाच्या डोळ्याला ते नुसतं तांब्याच्या पट्ट्यांचं पिंप आहे. डोळ्याला लागतो तो उजेड वेगळा, आमच्या लहरी वेगळ्या. हे मी पुढच्या दिवसांत स्वतःला इतक्यांदा सांगितलं की शेवटी त्याचा अर्थच निघून गेला.

माणूस मावेल एवढं पिंप शाओ मिनने एकटीने सोल्डर केलं होतं. उन्हाळाभर. उजव्या अंगठ्याच्या बुडाशी भाजल्याचा एक डाग तिला त्यातच मिळाला होता, मसुराएवढा, कडक आणि गुळगुळीत. मालकांना बक्षीस समितीच्या पाहुण्यांपुढे चकती नको होती, माणूस हवा होता. माणूस म्हणजे अर्थातच तीच.

आदल्या दिवशीच्या सरावात पडद्यावर ती लहान दिसली, पण कडा विस्कटलेल्या. माणूस श्वास घेतो, हलतो, चकतीसारखा बसत नाही. मालक पडदा बंद करून निघून गेले. मला तेव्हाच कळायला हवं होतं की हे डोकं काहीतरी शिजवतंय.

दुसऱ्या दिवशी मी वर आले तर तिला आधीच पिंपात स्टुलावर बसवून झाकण लावलं होतं. पाहुणे चहाचे पेले हातात घेऊन बोळात उभे.

"सर, अजून रिकामं माप झालेलं नाही," मी म्हणाले. "तिला बाहेर काढते, घेते आणि परत बसवते."

"राहू द्या. असंच घ्या."

"ती आत आहे."

"मला दिसतंय."

"मग खोली रिकामी नाही."

"लुओ बाई, काय रिकामं आहे ते यंत्राला शिकवावं लागतं. तुम्ही खोली झाडा, विज्ञानाचं मी बघतो."

पाहुण्यांतला एक जण हसला. मी तरी दारात गेले, हाक मारायला तोंड उघडलं, आणि मालकांनी माझ्या खांद्यावरून हात घालून दार ओढून घेतलं. कळही त्यांनीच दाबली. तिच्यासकट खोली रिकामी म्हणून नोंदवली गेली. मग पाहुण्यांसमोर खरं माप घेतलं, त्यातून ते वजा झालं, आणि पडद्यावर काळोखात तिळाएवढा एक ठिपका उरला. तिचा श्वास तेवढा उरला होता, बाकी सगळी ती वजा झाली होती.

"सबंध माणूस," मालक म्हणाले, "आणि यंत्राला दिसतोय तीळ." टाळ्या पडल्या. लबाडी करून मिळवलेल्या टाळ्या होत्या त्या, आणि त्या बोळात मालक सोडले तर हे कळणारी मी एकटीच होते.

पाहुणे जेवायला गेल्यावर मी झाकण काढलं. शाओ मिनचा चेहरा पांढरा पडला होता, केसांतला पिवळा चिमटा कानावर घसरला होता.

"ताई, आज हाक नाही मारलीत."

"मारू दिली नाही."

"दार लागल्याचं ऐकलं मी. मग थोड्या वेळाने परत ऐकलं. तेच दार, पण लांबून. मग परत, अजून लांबून." ती हसायला गेली. "किती दारं लावलीत तुम्ही?"

मुक्या खोलीला एकच दार आहे.

३

फाटकाचं यंत्र दुरुस्त करणारा येऊन गेला. माझ्यासाठी, पहारेकऱ्यासाठी, सगळ्यांसाठी ते "या" म्हणत होतं. फक्त शाओ मिन रोज माझ्यामागून आत यायची.

खानावळीत चेन मावशी बदकाच्या रक्ताचं शेवयांचं सूप वाढतात. शाओ मिनने मोठा वाडगा पुढे केला, तर मावशींनी तो काढून घेऊन लहान दिला.

"हा घे, बाळ. तो तुला उचलायचा नाही."

"मावशी, मी रोज जेवते इथे. आणि रोज दोनदा मागते."

मावशींनी डोळे बारीक केले. "अगं, तू होय? लांबून ओळखलं नाही मी."

दोघींच्या मध्ये फक्त ओटा होता. सूप वाढणारा हात तिच्या हाताला लागत होता. आजूबाजूची मुलं हसली, शाओ मिनही हसली. मला मात्र जेवण गेलं नाही.

संध्याकाळी तिच्या आईचा फोन आला. आई गाओयोला असते, बदकं पाळते. फोनवर तोंड बघून बोलायची तिची सवय आहे, मुलगी नीट खातेय का ते तिला गालांवरून कळतं म्हणे.

"एवढी मागे का बसलीस गं? फोन जवळ धर."

शाओ मिनने फोन जवळ घेतला.

"मागे कशाला जातेस? मी जवळ म्हणाले." आई चिडली. "आता तर दिसेनाशीच झालीस. तिथे तुझ्या बाजूला कोणी आहे का? तिला म्हणावं, हिच्या हातातला फोन धर."

मी फोन धरला. मुलगी माझ्या शेजारी बसली होती, गुडघ्याला गुडघा लागत होता. फोनच्या पडद्यावर पाठीमागची भिंत स्वच्छ दिसत होती, आणि भिंतीच्या कितीतरी मागे असावी तशी ती दिसत होती.

मी डोळे तपासून आले. चष्म्याचा नंबर वाढला नव्हता. डॉक्टरीण म्हणाली, झोप कमी पडत असेल, आणि ते खरं होतं. मग एका दुपारी मी शाओ मिनला दाराच्या चौकटीशी उभं केलं आणि टेप लावला. टेपची पट्टी तिच्या टाचेपासून डोक्यापर्यंत गेली, माझा तळवा तिच्या डोक्यावर टेकला. माझ्या हनुवटीला लागेल एवढी ती नेहमी होती, आताही होती. हाताला ती पूर्ण होती. पण टेपवरचा आकडा वाचता येईना. तिच्या अंगाला टेकलेला तेवढा भाग बारीक झाला होता, आकडे मुंगीएवढे. टेप काढून घेतला तसे ते परत मोठे झाले.

"काय आलं?" तिने विचारलं.

"तेवढीच आहेस," मी म्हणाले.

"मग मला तुम्ही सगळे एवढे मोठे का दिसताय, ताई?"

तिच्या आवाजात आता हसू नव्हतं. मी तिला जवळ घेतलं. अंगाला नेहमीचा सोल्डरचा वास होता. डोळे मिटले की सगळं जागेवर होतं, आणि उघडले की मी एखादी लहानशी वस्तू छातीशी धरून उभी होते. मी डोळे मिटूनच ठेवले.

४

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी मेंग सरांच्या खोलीत गेलो. मी तिला माझ्या शेजारच्या खुर्चीत बसवलं.

मला काय हवं होतं ते साधं होतं. तिला बाहेर उभं करून रिकामं माप नव्याने घ्यायचं, आणि जुनं पुसून टाकायचं. एवढ्याने काही होईल असं मला तरी शास्त्राने कुठे सांगितलं होतं? पण तिला बिघडवलं होतं ते त्या मापाने, आणि दुसरं काही माझ्या हातात नव्हतं.

"नाही," मालक म्हणाले. "निकाल समितीकडे गेलाय. मूळ माप पुसलं तर उद्या पडताळणी कशाशी करायची?"

"मूळ माप खोटं आहे, सर."

"हळू बोला."

"तुम्ही जिवंत मुलीला रिकामं म्हणून नोंदवलंत. त्या दिवसापासून तिला फाटक ओळखत नाही, तिच्या आईला ती दिसेनाशी झालीय."

"फायलीतून माणूस वजा होत नाही, लुओ बाई. तुम्ही इतकी वर्षं आमच्यात काढून हे शिकलात?" त्यांनी चहाच्या पेल्यावरची पानं फुंकून बाजूला केली. "आणि तिला एवढा त्रास होतोय तर ती कुठे आहे? स्वतः बोलायला तोंड नाही तिला?"

"सर, मी इथेच आहे," शाओ मिन म्हणाली.

त्यांनी मान वर केली. खुर्चीकडे बघितलं, मग खिडकीकडे, मग जरा वेळ कोपऱ्यातल्या कुंडीकडे. आणि बघणं सोडून दिलं. त्यांना आश्चर्य वाटलं नाही, तेच मला सहन झालं नाही. ती न दिसणं त्यांना नेहमीचंच होतं. तिने आणलेल्या प्रत्येक निकालावर त्यांनी स्वतःचं नाव आधी घातलं होतं, तिचं सगळ्यात शेवटी, आणि एकदा तर विसरूनच गेले होते.

"ती समोर बसलीय," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "तुमच्या समोर. तीन वर्षं समोरच आहे."

"बक्षीस जाहीर होईपर्यंत त्या फायलीला हात लागला, तर मी तुम्हाला निवृत्तीपर्यंत थांबायची तसदी देणार नाही." ते उठले. "जाताना दार लावून घ्या."

मी ते उघडं टाकून आले. तेवढाच सूड मला तिथे घेता आला, आणि तो किती फुटकळ होता हे जिना उतरताना कळलं. शाओ मिन माझ्या हाताला धरून उतरत होती. एकेक पायरी ती अशी उतरत होती, जणू पायऱ्या कमरेइतक्या उंच आहेत.

५

रविवारी सकाळी विद्यापीठात कोणी नसतं. पारिजातकासारखा नाजूक वास रस्ताभर पसरला होता. आमच्याकडे शरदात कुईचं झाड फुलतं, त्याचा. मी शाओ मिनला तिच्या वसतिगृहापासून हाताला धरून आणलं. तिच्याकडे बघायचं नाही असं मी ठरवलं होतं. हात पूर्ण होता, उबदार, जरा घामट, अंगठ्याच्या बुडाशी तो मसुराएवढा डाग. वाटेत एक स्कूटरवाला तिच्या अंगावरूनच गेला असता, मी ओरडले तेव्हा थांबला.

"काय बाई, मध्येच?" तो मला म्हणाला.

"मुलगी दिसत नाही तुला?"

त्याने माझ्या हाताकडे बघितलं आणि स्कूटर वळवून निघून गेला.

खाली माझ्या चेहऱ्याला फाटक उघडलं. वर मुक्या खोलीतून मी कवच आधीच बाहेर काढून ठेवलं होतं, स्टूलही. यंत्र चालू केलं. जुनं माप पुसायची सूचना पडद्यावर आणली, नुसती कळ दाबायची बाकी ठेवली. मग तिचा हात धरूनच दारात गेले.

"आता हाक मारते," मी म्हणाले. "आज भूत म्हणू नकोस."

"नाही म्हणत."

"आत कोण?"

त्या खोलीत प्रतिध्वनी होत नाही. कुठल्याही आवाजाला तिथे परत यायची सोय नाही, ती तशीच बांधलीय.

"मी, ताई," आतून आवाज आला.

आवाज शाओ मिनचा होता. लांबचा होता, बारीक नव्हता. शेताच्या दुसऱ्या टोकावरून कोणी पूर्ण गळ्याने हाक द्यावी, तसा होता. माझ्या हातातला हात घट्ट झाला.

"ताई," शेजारून शाओ मिन कुजबुजली, "कोण बोललं?"

मी दारातून आत वाकले. समोरची भिंत जिथे असायला हवी होती तिथे सुळके संपत नव्हते. निळ्या सुळक्यांच्या रांगा मागे जात होत्या, अजून मागे, बारीक होत होत्या. आणि त्यांच्या टोकाला मी बाहेर काढलेलं ते स्टूल होतं. त्याच्यावर कोणी तरी पाठमोरं बसलं होतं, केसांना पिवळा चिमटा. डोळ्याला ते तांदळाच्या दाण्याएवढं दिसलं. पण ते लहान नव्हतं. लांब होतं.

मी झटकन मागे झाले. शेजारी बघायचं धाडस झालं नाही. हिच्याही केसांना आज पिवळा चिमटा आहे का, हे मला आठवेना. आता कळ कशी दाबायची? दार लावून माप घेतलं, तर आत जी आहे ती कायमची रिकाम्यात जाणार. नाही घेतलं, तर बाहेरची रोज अशीच जात राहणार. एकीला धरून दुसरीला पुसायचं, आणि कुठली खरी ते मला माहीत नाही.

"माझा हात सोडू नका, ताई," शाओ मिन म्हणाली.

"नाही सोडत."

६

मुकी खोली उघडली की मालकांच्या फोनवर निरोप जातो, हे मी विसरले होते. ते घरच्या सपातांवर, धापा टाकत आले.

"काय चाललंय? बाजूला व्हा."

"दार लावू नका. आत कोणी तरी आहे."

त्यांनी माझ्या डोक्यावरून आत नजर टाकली. "कोणी नाही."

"हाक मारून बघा."

"मी हाका मारू? रिकाम्या खोलीला?" पडद्यावरची सूचना त्यांना दिसली आणि त्यांचा चेहरा तांबडा झाला. "पुसणार होतात? माझं बारा वर्षांचं काम तुम्ही, खोली झाडणारी बाई, एका कळेने पुसणार होतात?"

त्यांनी दाराची मूठ धरली. ते दार जड आहे, कडेला तांब्याच्या बोटांसारख्या पट्ट्यांची झालर आहे, लागताना ती चौकटीवर किंचाळते. ती किंचाळायला लागली आणि माझ्या डोक्यात इतक्या वर्षांचं सगळं एकदम चढलं. ते पाहुण्याचं हसणं, ती कुंडीकडे गेलेली नजर, ती शेवटी घातलेली नावं. मी त्या माणसाला शिव्या दिल्या. माझ्या आईने ऐकल्या असत्या तर तोंडात मारली असती, अशा दिल्या. आणि दार धरलं. दोन्ही हातांनी धरलं.

त्यांची ताकद जास्त होती. दार लागलं.

"बघा," ते धापा टाकत म्हणाले. "लागलं. काय झालं? काही झालं?"

तेव्हा मला कळलं की माझे दोन्ही हात दारावर आहेत.

मी खाली वाकून चाचपडले. भिंतीशी, टेबलाखाली, बोळाभर गुडघ्यांवर रांगत चाचपडले. "शाओ मिन, हात दे. इकडे, माझा हात बघ." हवा हाताला लागत होती, थंड फरशी लागत होती. मालक भिंतीला चिकटून उभे होते आणि माझ्याकडे, वेड्या बाईकडे बघावं तसे बघत होते. मी परत दार उघडलं तेव्हा आत खोली होती. नेहमीएवढीच, समोर भिंत असलेली. हाक मारली, तर हाक ओठांपाशीच पडली.

खालून, फाटकाकडून, जिन्यावाटे गोड आवाज वर आला. "कृपया जवळ या."

७

त्यानंतर चौकशी झाली. शाओ मिन अभ्यासाच्या ताणाने कुठे तरी निघून गेली, असं मेंग सरांनी चौकशीत सांगितलं, आणि आवाजात दुःखही आणलं. रस्त्यावरच्या कॅमेऱ्यातली रविवारची चित्रफीत काढली. तिच्यात मी एकटीच रस्त्याने चालत येते, एक हात जरा बाहेर धरून. चौकशीवाल्या बाईंनी ती मला दोनदा दाखवली आणि मग पाण्याचा पेला पुढे केला. मला सुट्टी घ्यायला सांगितली. मी घेतली नाही. मुक्या खोलीच्या किल्ल्या तेवढ्या काढून घेतल्या. मालकांना बक्षीस मिळालं, त्यांचं छायाचित्र खाली फलकावर लागलंय, चांगलं मोठं.

फाटक मात्र गप्प बसत नाही. समोर कोणी नसताना ते मधूनच म्हणतं, "कृपया जवळ या." पहारेकऱ्याने तक्रार केली, दुरुस्तीवाला परत आला. त्याने खांब उघडला, बंद केला, पडद्यामागचं काही तरी तपासलं.

"यंत्र बरोबर आहे," तो म्हणाला. "समोर चेहरा आहे म्हणून बोलतंय. फक्त फार लांब आहे."

"समोर भिंत आहे की," पहारेकरी म्हणाला.

दुरुस्तीवाल्याने खांदे उडवले आणि सही घेऊन गेला. पहारेकरी हसला. मी नाही हसले. दुसऱ्या दिवसापासून मी फाटकाशी स्टूल टाकून बसायला लागले, उजवा हात काचांमधल्या फटीत पुढे धरून, तळवा वर. येणारी-जाणारी मुलं बाजूने जायची. मेंग सर एकदा थांबले.

"लुओ बाई, भीक मागायची तर देवळापुढे बसा."

"तुमच्याकडे मागत नाही," मी म्हणाले. पूर्वीसारखी मी ओरडले नाही. ओरडताना माझे हात कुठे जातात हे मला आता माहीत आहे. राग आहे, अजूनही पोटात पेटलेला आहे, पण मी त्याला उठू देत नाही.

आज सकाळी यंत्र म्हणालं, "कृपया जवळ या." आणि माझ्या तळव्यात हात आला.

पूर्ण मापाचा हात, बोटं थंडगार. मी बघितलं नाही. अंगठ्याच्या बुडाशी चाचपलं, मसुराएवढा डाग लागला, कडक आणि गुळगुळीत. खोलीतून उत्तर देणारी ही की बाहेर माझ्या शेजारी उभी होती ती, हे त्या डागावरून कळत नाही. मी विचारलंही नाही. बोटं आवळली आणि तिने परत आवळली.

हे सगळं मी डाव्या हाताने फोनवर लिहितेय. तिच्या आईला आधी फोन केला. ती गाओयोहून दुपारच्या बसने निघालीय, मुलीसाठी खारवलेली अंडी घेऊन. चारदा विचारलं तिने, "सापडली ना? खरंच सापडली ना?" मी म्हणाले, या, आणि आल्यावर आधी डोळे मिटा, मग हात पुढे करा. हा हात त्या हातात द्यायचा, एवढंच काम मला आता उरलंय.

मघाशी झाडणारी बाई आली. तिने माझ्या पायांवरूनच ओला पोछा नेला आणि पुढे गेली. मी काही तरी बोलले, तिने इकडेतिकडे बघितलं. मग मेंग सर आले, यंत्र त्यांना "या" म्हणालं, आणि ते माझ्या स्टुलाला धडकले. थांबून त्यांनी स्टुलाकडे बघितलं, रिकामं कोणी टाकलं म्हणून. पहारेकऱ्यावर ओरडले.

माझा चेहरा पडद्यासमोरच आहे. यंत्र आता मलाही म्हणतंय, कृपया जवळ या. म्हणू दे. बस येत नाही तोवर मी हा हात सोडत नाही.